साने गुरुजी : एका होस्टेलच्या नेटवर्कची गोष्ट

४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या होस्टेलमधून मार्क झुकेरबर्ग आणि त्याच्या मित्रांनी फेसबुक सुरू केलं, हे आपल्या कॉम्प्युटर ब्रँचच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. तिकडच्या कॉलेजांत नवीन विद्यार्थ्यांचे फोटो आणि नावं असलेलं एक छापील पुस्तक निघायचं, त्याला फेसबुक म्हणायचे. त्यावरून हे नाव पडलं. सुरुवातीला तर फक्त हार्वर्डच्या पोरांनाच अकाउंट उघडता यायचं. म्हणजे पुढे अब्जावधी लोकांना गाठणारी ही वस्तू मुळात होस्टेलची वस्तू.

पण मला आज दुसऱ्याच एका होस्टेलबद्दल लिहायचं आहे. जळगावहून सुरतच्या गाडीत बसलं की धरणगावच्या पुढे अमळनेर लागतं. फेसबुकच्या बरोबर ऐंशी वर्षं आधी, १९२४ साली, त्या गावातल्या हायस्कुलात एक चोवीस वर्षांचा मास्तर नोकरीला लागला. अंगाने किरकोळ, स्वभावाने लाजाळू, चार माणसांत बोलायला बिचकणारा. पांडुरंग सदाशिव साने. शाळेच्या वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं आणि तिथे त्यांनी जे केलं ते वाचलं तेव्हा मी अक्षरशः चकित झालो. कारण आमच्या सिलॅबसमध्ये सोशल नेटवर्कबद्दल जे चार युनिट आहेत, त्यातलं बरंचसं या माणसाने शाई, बोरू आणि झाडू घेऊन करून ठेवलेलं होतं.

आपल्याला साने गुरुजी माहीत असतात ते 'श्यामची आई'वाले. शाळेत बाईंनी वाचून दाखवलं, आपण रडलो, विषय संपला. इंजिनीअरिंगला आल्यावर पुन्हा त्यांचं नाव काढायचं काही कारण पडत नाही. म्हणून आधी थोडं मागचं सांगतो.

जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड गाव, दापोलीजवळ. घराणं खोताचं, पण वडिलांच्या वेळेपर्यंत खोती नावालाच उरलेली. कर्ज झालं, घरात ओढाताण सुरू झाली. दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. पुढे घरून खर्च झेपेना तेव्हा हा मुलगा शिकण्यासाठी थेट औंध संस्थानात गेला. तिथे हाताने स्वयंपाक करायचा, कधी पोटभर तर कधी उपाशी. तिथे प्लेगची साथ आली आणि औंध सोडावं लागलं. मग पुणे, नूतन मराठी विद्यालय. १९१७ मध्ये आई गेली. शेवटच्या वेळी मुलगा जवळ नव्हता. १९१८ ला मॅट्रिक, मग पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या एस.पी.मधून, बी.ए. आणि पुढे एम.ए.

औंध आणि पुण्याच्या या दिवसांवर त्यांनी नंतर 'धडपडणारा श्याम' लिहिलं. मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांत ते जास्त जवळचं वाटलं, कारण त्यात मेस आहे, रूम आहे, फी आहे, उधारी आहे. परक्या गावात शिकणाऱ्या मुलाला काय लागतं? पुस्तकं लागतातच. पण त्याच्या आधी कुणीतरी जेवलास का म्हणून विचारणारं लागतं. सान्यांना हे दुसऱ्याकडून ऐकून माहीत नव्हतं, ते त्यातूनच गेले होते. अमळनेरच्या वसतिगृहात पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

अमळनेरला ते आले तत्त्वज्ञान शिकायला. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालेलं होतं. ही संस्था अमळनेरसारख्या गावात कशी काय आली, याचं आजही बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. पण नुसत्या तत्त्वचर्चेत सान्यांचा जीव रमेना. ते मुलांकडे वळले आणि शाळेत शिक्षक झाले.

आता होस्टेल.

मुलं शाळेत गेली की सुपरिंटेंडेंट साहेब खोल्याखोल्यांतून फिरत. साहेब म्हणायचं ते आपल्या सवयीने. हा माणूस तपासणी करायला फिरत नसे. पसरलेलं अंथरूण दिसलं की घडी घालायची, केर असला की काढायचा, कुणाचे कपडे मळून पडलेले असले तर धुऊन वाळत टाकायचे. मुलं परत येत तेव्हा खोली लख्ख. पहिले काही दिवस मुलांना कळेना की हे करतंय कोण. कळलं तेव्हा लाज वाटून मुलं आपापली खोली आवरायला लागली. नोटीस नाही, दंड नाही, घरी फोन करून पालकांना बोलावणं तर नाहीच (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचलाच तर कृपया दोनदा वाचावा). कुणी आजारी पडलं तर त्याच्या उशाशी रात्रभर बसायलाही तेच.

आणि यातूनच त्यांचं दैनिक निघालं. नाव 'छात्रालय'. हस्तलिखित दैनिक! रोजच्या रोज, एकट्याने, हाताने लिहिलेलं. मुलं झोपलेली असताना हा माणूस कंदिलाच्या उजेडात लिहीत बसे आणि मुलांना सकाळी नवा अंक वाचायला मिळे. त्यात होस्टेलमधल्या घडामोडी असत, देशातल्या आणि जगातल्या बातम्या असत, थोरांची चरित्रं असत, मुलांच्या मनात घोळणाऱ्या गोष्टींवर लिहिलेलं असे. आपल्या भाषेत सांगायचं तर रोज सकाळी एक नवीन फीड. फरक एवढाच की हे फीड बनवणारा अल्गोरिदम रात्री मुलांच्या अंगावर पांघरूण घालून फिरणारा होता.

हा फरक साधा नाही. फेसबुकचं फीड आपल्याला काय दाखवायचं हे कशावरून ठरवतं? आपण कशावर क्लिक केलं, कशावर थांबलो, कशाला लाईक दिलं यावरून. लाईकचं बटण २००९ मध्ये आलं, तेव्हापासून ती मोजणी सोपी झाली. थोडक्यात, आपण जास्तीत जास्त वेळ तिथे राहावं एवढंच त्याला पाहिजे. 'छात्रालय'ची एकच प्रत निघे. अंक वाचून मुलाने तो बाजूला ठेवला आणि अभ्यासाला लागला तर लिहिणाऱ्याचं काही नुकसान नव्हतं, उलट त्याला तेच हवं होतं.

थोडं थिअरी पण सांगतो, नाहीतर हा लेख सिव्हिलवाल्याने लिहिला असं आमच्या वर्गातले म्हणतील. होस्टेलमध्ये शंभर मुलं असतील तर जोड्या किती होतात? शंभर गुणिले नव्याण्णव भागिले दोन, म्हणजे ४९५०. ग्राफच्या भाषेत शंभर नोड आणि जास्तीत जास्त ४९५० एजेस. नेटवर्कची किंमत माणसांपेक्षा या रेघांवर ठरते, आणि माणसं दुप्पट झाली की शक्य असलेल्या रेघा साधारण चौपट होतात. सगळ्या सोशल साईटचा धंदा या एका गणितावर उभा आहे. पण वहीत रेघ मारणं वेगळं आणि दोन मुलांमध्ये खरंच काही नातं असणं वेगळं.

आमच्याच होस्टेलचं सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर १८० च्या वर मेंबर. सकाळी गुलाबाच्या फुलाचे गुड मॉर्निंग, दिवसभर क्रिकेट, रात्री 'कुणाकडे एम-थ्रीच्या नोट्स आहेत का'. मागच्या पावसाळ्यात शेवटच्या मजल्यावरचा फर्स्ट इयरचा एक मुलगा तापाने फणफणला. रूम पार्टनर गावाला गेलेला. दोन दिवस तो पोरगा बिस्किटं आणि पाण्यावर होता. त्या दोन दिवसांत ग्रुपवर चारशेच्या वर मेसेज पडले, मी नंतर मोजले. त्याचा एक पण नव्हता. नवीन मुलगा, १८० लोकांच्या ग्रुपवर 'मला बरं नाही' कसं टाकणार? शेवटी लक्षात कुणाच्या आलं? मेसच्या काकांच्या. खाडा न सांगता हा सलग चार वेळा जेवायला आला नाही, म्हणून त्यांनी पोराला वर पाठवलं. डेंगू निघाला. वेळेवर सलाईन लागली म्हणून बरं. मेसच्या खाडे रजिस्टरमध्ये जी माहिती होती ती आमच्या चार जीबीच्या फोनमध्ये नव्हती.

तेव्हापासून मी गुरुजींबद्दल मिळेल ते वाचायला लागलो.

'छात्रालय' होस्टेलपुरतं होतं. पुढे गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक काढलं आणि ते होस्टेलच्या भिंतींबाहेर गेलं. आणि १९३० मध्ये ते स्वतःही बाहेर पडले. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. सहा वर्षांची शाळेची नोकरी सोडून ते खान्देशात गावोगाव सभा घेत फिरले आणि तुरुंगात गेले, आधी धुळ्याच्या आणि मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या.

त्रिचनापल्लीचा तुरुंग गुरुजींच्या आयुष्यात फार महत्त्वाचा आहे. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतले कैदी एकत्र होते. तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी. शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, त्याचा मोठा कवी कोण हे माहीत नाही, याची त्यांना खंत वाटली. तमिळमधल्या 'कुरळ' या प्राचीन ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला तो या ओढीतूनच. 'आंतरभारती' या त्यांच्या कल्पनेचं बी इथलं. प्रत्येकाने शेजारच्या प्रांताची एक तरी भाषा शिकावी, एकमेकांची पुस्तकं आपापल्या भाषेत आणावीत, मुलांनी एकमेकांच्या घरी जाऊन राहावं. आपण दोन वेगवेगळ्या सिस्टीमनी एकमेकांशी बोलावं म्हणून प्रोटोकॉल लिहितो. त्यांना माणसांसाठी तो हवा होता. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी हा विषय पुन्हा मांडला.

१९३१ मध्ये गांधी-आयर्विन करारानंतर ते सुटले, पण १९३२ च्या सुरुवातीला परत आत. या वेळी धुळे. आणि याच तुरुंगात तेव्हा विनोबा भावे होते. कैद्यांनी आग्रह धरला म्हणून विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचं ठरवलं. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ ला आणि अठरावं १९ जून १९३२ ला. हिशोब करून बघा, अठरा रविवार, मध्ये एकही खाडा नाही. तिथे ना टेपरेकॉर्डर, ना स्टेनो. विनोबा बोलत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत. आज 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक भारतातल्या बहुतेक भाषांत वाचलं जातं, ते मुळात या लिहून घेण्यामुळे आहे. त्या रविवारी धुळ्याच्या तुरुंगात दुसऱ्याच कुणाच्या हातात लेखणी असती तर आपल्याकडे कदाचित चार ओळींच्या टिपणापलीकडे काही उरलं नसतं. स्वतःचं काही न घालता दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे पोचवायचं, हे मोठ्या माणसाला सहसा जमत नाही. मुलांसाठी रात्र-रात्र लिहिलेल्या 'छात्रालय'ने त्यांचा हात तयार करून ठेवला होता, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. दिवसभर तुरुंगातलं काम करायचं आणि उरलेल्या वेळात, रात्री जागून लिहायचं. पाच दिवस! आपलं सबमिशनचं जर्नल पाच दिवसांत होत नाही, तेही बाजूच्या बेंचवरच्याचं बघून. १९३५ मध्ये ते पुस्तक छापून आलं, १९५३ मध्ये अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. त्याबद्दल एवढं पुरे, ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक लक्षात घ्या. त्या पुस्तकाची रचना बघितली तर रोज रात्री श्याम मित्रांना एक गोष्ट सांगतो, रोज मंडळी जमतात. म्हणजे होस्टेलच.

मग आलं फैजपूर. डिसेंबर १९३६. तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशनं शहरांत भरत. या वेळी खेड्यात भरवायचं ठरलं आणि खेडं निवडलं गेलं आपल्या पूर्व खान्देशातलं, भुसावळजवळचं फैजपूर. अध्यक्ष पंडित नेहरू. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया, गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंमधून तिलकनगर सजवलं. नेहरूंची मिरवणूक बैल जोडलेल्या रथातून निघाली. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते रात्रंदिवस राबत होते.

पण एका खेड्यात एवढ्या लोकांची सोय करायची तर माणूसबळ कुठून आणायचं? पैसा कुठून आणायचा? इथे गुरुजींच्या ओळखी उपयोगी पडल्या. पूर्व खान्देशातल्या खेड्याखेड्यांत ते पायी फिरले, सभा घेतल्या, निधी जमवला, स्वयंसेवक उभे केले. शाळेतून शिकून गेलेली पोरं आता आपापल्या गावात होती. ज्याचे कपडे या माणसाने एकदा धुतलेत तो अशा वेळी नाही कसा म्हणेल?

आपल्याकडे प्लॅटफॉर्म आणि ॲप्लिकेशन असा फरक शिकवतात. आधी प्लॅटफॉर्म, म्हणजे माणसं आणि त्यांची जोडणी. मग त्यावर चालणारी ॲप्लिकेशन्स. फेसबुकने २४ मे २००७ ला आपला प्लॅटफॉर्म बाहेरच्या डेव्हलपर्सना खुला केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने ऑर्कुट वगैरेंसाठी ओपनसोशल आणलं. मग काय, पूर आला. २००९ च्या फार्मव्हिलमध्ये लोक ऑफिसात बसून खोटी वांगी लावत होते, इकडे आपल्या बामणोदचं भरताचं वांगं पाणी नाही म्हणून सुकत असलं तरी! ऑर्कुट स्वतः ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं. आमच्या सिनियर लोकांचे स्क्रॅप, टेस्टिमोनियल सगळं त्याबरोबर गेलं.

गुरुजींचा प्लॅटफॉर्म अमळनेरला तयार झाला आणि फैजपूर हे त्यावरचं पहिलं मोठं ॲप्लिकेशन, असं मी म्हणतो. दुसरं, १९३८ मध्ये अमळनेरहून काढलेलं 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक. त्यातून शेतकऱ्यांचा सारा, गिरणी कामगारांचे हाल हे विषय त्यांनी लावून धरले. स्वतःच्याच पक्षाचं सरकार होतं म्हणून गप्प बसले नाहीत.

पण इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपण उद्या हीच ॲप्स बनवणार आहोत. फेसबुकच्या सुरुवातीच्या नियमांत एक मोठं भगदाड होतं. एखाद्याने एखादं ॲप वापरलं की त्याची माहिती तर डेव्हलपरला मिळेच, पण त्याच्या मित्रांचीही मिळे, मित्रांनी ते ॲप उघडलेलंसुद्धा नसताना. २०१३-१४ च्या सुमारास एका स्वभाव-चाचणीच्या ॲपमधून अशी माहिती गोळा झाली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीपर्यंत गेली. मार्च २०१८ मध्ये हे उघडकीला आलं. फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली होती. ओळखींचा असा वापर. ज्यांच्या ओळखी त्यांना विचारलं पण नाही. गुरुजी गावात जाऊन तोंडावर मागत, आणि समोरचा नाही म्हणू शकत होता.

सगळ्यात मोठं काम १९४७ चं. मधली वर्षं तुरुंग आणि भूमिगत चळवळ यांत गेली होती. आता स्वातंत्र्य दारात आलेलं, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात दलितांना अजून प्रवेश नाही. ज्या देवाला अवघ्यांचा म्हणायचं त्याच्या दारात ही स्थिती. गुरुजींनी ठरवलं, देऊळ उघडलं नाही तर प्राणांतिक उपवास. आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. बरोबर राष्ट्र सेवा दलाची मुलं, त्यांचं कलापथक, गाणी, पोवाडे. गावोगाव विहिरी खुल्या होत गेल्या, देवळं खुली होत गेली, सह्या जमल्या. १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवास सुरू झाला. गांधीजींपर्यंत वेगळीच माहिती पोचली होती, त्यांनी उपवास सोडा म्हणून तार केली. गुरुजींचं आयुष्यच गांधीजींच्या शब्दावर चाललेलं, पण इथे ते हलले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. दहाएक दिवसांनी बडवे तयार झाले आणि विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं.

उपवास हा मार्ग मला पूर्ण पटत नाही, हे सांगून टाकतो. समोरच्याला पटवण्यापेक्षा त्याला कोंडीत पकडणं त्यात जास्त आहे असं वाटतं. त्यांच्या लिखाणातलं रडणंही कधी कधी जास्त होतं. पण आधीच्या त्या काही महिन्यांच्या दौऱ्याकडे बघा. उपवास दहा दिवसांचा, त्याच्या पाठीमागे शेकडो गावं. देवळाचं दार उघडलं ते त्या गावांमुळे, असं माझं मत.

आता इंजिनीअर म्हणून एक शंका. गुरुजींच्या या सगळ्या नेटवर्कचा आकार काढला तर तो चांदणीसारखा येतो, ज्याला आपण स्टार टोपोलॉजी म्हणतो. मध्ये एक हब, बाकी सगळे त्याला जोडलेले. स्टारमध्ये एखादी वायर तुटली तर फार बिघडत नाही, पण हब बसला की सगळं बसतं. आणि आणखी एक गोष्ट असते जी पुस्तकात देत नाहीत. हबला प्रत्येक नोडची खबर असते. हबची खबर कोण ठेवणार?

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्या धक्क्यातून गुरुजी बाहेर आलेच नाहीत असं म्हणतात. त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. त्यात पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रं येत. झाडं, आकाश, पक्षी, नवीन पुस्तकं, काय काय असे त्यात. 'सुंदर पत्रे' म्हणून ती पुढे पुस्तकात आली. वाचताना वाटतं, किती आनंदी माणूस आहे हा! आणि त्याच काळात तो आतून खचत चालला होता. मुलांची पत्रं येत होती, सभांना गर्दी होत होती, महाराष्ट्रभर लोक गुरुजी गुरुजी म्हणून पाया पडत होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास वर्षं आणि साडेपाच महिने. का, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात पडायचं नाही. अमळनेरला ज्याला खोलीत पाऊल टाकताच कळायचं की आज कोण जेवलेलं नाही, त्याच्या खोलीत त्या दिवसांत तसं पाऊल टाकणारं कुणी असेल का, एवढंच डोक्यात येत राहतं.

'साधना' मात्र थांबलं नाही. एकामागून एक संपादक आले, १९९८ ते २०१३ या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकर होते, आणि अंक निघत राहिले. म्हणजे हब गेल्यावरही चालेल असं काहीतरी त्यांच्या हातून शेवटी उभं राहिलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला त्यांचंच नाव होतं.

राहिली आमच्या प्रोजेक्टची गोष्ट, कारण बरेच जण विचारतात की तुम्ही चौघं रात्री दोनपर्यंत काय करत असता. आम्ही होस्टेलसाठी एक छोटं ॲप बनवतोय. त्यात लाईक नाही, फॉलोअर नाही. मेसचं खाडे रजिस्टर त्यात येईल. न सांगता सलग तीन वेळचं जेवण चुकलं की फक्त शेजारच्या दोन रूमना मेसेज जाईल : जाऊन दार वाजवा. ग्रुपवर बोभाटा नाही. ज्याला हे नको असेल त्याने पहिल्या दिवशी नाही म्हणायचं, म्हणजे त्याचं नाव घेतलंच जाणार नाही. सात दिवसांपूर्वीचं काही साठवायचं नाही. आणि सकाळी एक पान, होस्टेलच्या बातम्यांचं. ते लिहायचं काम दर आठवड्याला वेगळ्या मजल्याकडे, म्हणजे हब कुणीच नाही. मेंबरच्या यादीत रेक्टर सर, रात्रपाळीचे वॉचमन आणि मेसचे काका यांनाही घेतलं आहे, त्यांचंही जेवण चुकलं तर मेसेज जातो.

पुढच्या सेमिस्टरला पहिल्या मजल्यावर ट्रायल घेणार आहोत. सर्व्हर साईडचं जवळजवळ झालंय. सकाळचं पान लिहायला अजून कुणी तयार नाही. ज्याचं मराठी बरं आहे आणि जो सहाच्या आधी उठतो, त्याने लायब्ररीच्या मागच्या टेबलावर रात्री नऊनंतर येऊन भेटावं.